पाण्यावरच्या रस्त्याला वाली कोण?

लातूर शहराला १२ एप्रिल २०१६ रोजी आगगाडीने पाणी आले. मिरजेहून निघालेल्या त्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरणाचा तळ तेव्हा उघडा पडला होता आणि पाणी भरण्याच्या जागी तंटे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदीचा हुकूम काढण्याची पाळी प्रशासनावर आली होती. ज्या मुलखाच्या आठवणी अशा कोरड्या आहेत, त्या मुलखातील माणसाने होडीविषयी लेख लिहावा याचे कित्येकांना नवल वाटेल. होडी, बंदर, धक्का हे कोकणचे शब्द. आपल्या वाट्याला विहीर, आड आणि टँकर आले, अशी आपली पक्की समजूत आहे.

परंतु ही समजूत अर्धीच खरी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत इतके पाणी आले, की हसनाळ, रावणगाव यांसारखी गावे चहूबाजूंनी वेढली गेली. माणसे दगावली, गुरे वाहून गेली आणि लोकांना बाहेर काढण्यासाठी अखेर लष्कराला पाचारण करावे लागले. पुढच्याच महिन्यात मराठवाड्याच्या बहुतेक जिल्ह्यांनी पुन्हा पूर पाहिला. पाण्यावाचून तडफडणारा मराठवाडा आणि पाण्याने वेढला जाणारा मराठवाडा हे दोन निराळे प्रदेश नव्हेत. एकाच गावाने एकाच दशकात ही दोन्ही रूपे पाहिली आहेत. टँकर कोणी पाठवायचा, कोणाच्या सहीने पाठवायचा, त्याच्या खेपा कोणी मोजायच्या, याचे नियम आपण वर्षानुवर्षांच्या दुष्काळातून बसविले. होडी कोणी पाठवायची याचा नियम मात्र आपल्यापाशी नाही. हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला प्रथम जाणवला तो गोदावरीच्या काठी नव्हे, तर मुंबईच्या समुद्रात.

दोन प्रकारचे उतारू

काही वर्षांपूर्वी निवृत्तिवेतनाच्या एका कामासाठी नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईस जाणे झाले. ज्या कार्यालयात काम होते तेथील साहेब रजेवर होते आणि "उद्या या" असे उत्तर मिळाले. मोकळा पडलेला दिवस सार्थकी लावावा म्हणून अपोलो बंदरावरून बोटीने घारापुरीस गेलो. लेण्यांतील त्रिमूर्तीपुढे उभे राहिल्यावर मनुष्य काही काळ अबोल होतो, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. त्याविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. लिहावयाचे आहे ते परतीच्या बोटीविषयी.

संध्याकाळच्या त्या अखेरच्या बोटीवर दोन प्रकारची माणसे होती. वरच्या मजल्यावर, जेथे बसण्याचे जादा पैसे पडतात, तेथे आम्ही प्रवासी होतो. छायाचित्रे काढणे चालले होते, कुणी पक्ष्यांना खाऊ टाकत होते, कुणी वाऱ्याला तोंड देऊन उभे होते. खाली यंत्राच्या धडधडीजवळ बेटावरची चार-सहा माणसे बसली होती. त्यांपैकी कुणीही समुद्राकडे पाहत नव्हते. एका वृद्धाच्या पायाला प्लास्टर होते. शेजारी बसलेल्या सुनेने क्ष-किरण चित्राचे पाकीट छातीशी धरले होते. दवाखाना दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उघडणार होता, परंतु सकाळच्या बोटीने निघून वेळेत पोचण्याची खात्री नव्हती. म्हणून ती आदल्या संध्याकाळीच निघाली होती आणि रात्र एका नातलगाच्या खोलीत काढणार होती. एका तासाच्या अंतरावरील दवाखान्यासाठी दोन दिवस मोडत होते. मी त्या वृद्धास विचारले, "बाबा, रात्री कुणाचे दुखू लागले तर काय करता?" ते म्हणाले, "सकाळची वाट बघायची, दादा. नाहीतर मचवा काढायचा, तो बी दर्या गप असला तर."

घारापुरी हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील बेट. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्या मिळून हे गाव होते. १९८७ साली येथील लेण्यांचा जागतिक वारसा म्हणून गौरव झाला. पण समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज पोचावयास फेब्रुवारी २०१८ उजाडावे लागले. मुंबई शहर तेथून अवघ्या दहा-अकरा किलोमीटरांवर आहे. स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षे या गावाने त्या शहराचा झगमगाट रोज रात्री आपल्या अंधारातून पाहिला.

त्या बोटीवरून जाताना जी गोष्ट लक्षात आली ती अशी. एकच बोट, एकच पाणी, एकच अंतर. तथापि वर बसलेल्यांसाठी ती सहल होती आणि खाली बसलेल्यांसाठी ती एस. टी. होती. बोटीची व्यवस्था लावली गेली ती सहलीसाठी. तिची वेळ पर्यटकांच्या सोयीची आणि तिची अखेरची फेरी पर्यटक परतले की संपणारी. ज्यांचे जीवन त्या बोटीवर चालते, त्यांना पर्यटकांच्या मागून उरलेल्या जागेत बसून जावयाचे असते. पावसाळ्यात समुद्र खवळला की सहल बंद होते, आणि सहलीबरोबर बेटवासीयांचा रस्ताही बंद होतो. जमिनीवरचा कोणताही रस्ता पर्यटक येत नाहीत म्हणून कुणी बंद केल्याचे ऐकिवात नाही.

पूल झाला की बेट विसरते

याहून मोठी विसंगती अशी, की ज्या शहराच्या दारात हे घडते ते शहर स्वतःच बेटांचे बनलेले आहे. सात बेटे भरावाने जोडून मुंबई झाली, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. माहीमची खाडी ओलांडून साष्टीत जाण्यासाठी एके काळी मुंबईकरालाही नावेतच बसावे लागे. तो त्रास संपविणारा माहीमचा बांध १८४५ साली खुला झाला. त्यासाठी जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नीने १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि या वाटेवर कोणाकडूनही पथकर घेऊ नये अशी अट घातली. पाणी ओलांडणे हा मनुष्याचा हक्क आहे, त्याचे मोल मागू नये, एवढा साधा विचार त्या अटीत होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका स्त्रीला जे उमगले, ते आजच्या नियोजनकारांना नव्याने सांगावे लागते.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू खुला झाला. जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीचा हा पूल घारापुरीच्या उत्तरेकडून समुद्र ओलांडतो. मोटारीतून जाणाऱ्याचा दीड-दोन तासांचा वळसा त्याने काही मिनिटांवर आणला. अभियांत्रिकीचे हे यश अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु बेटावरच्या माणसाची बोट त्यामुळे एका मिनिटानेही लवकर सुटत नाही. पूल कोठे बांधावयाचा हे रहदारीच्या आकड्यांवर ठरते, आणि बेटावरच्या माणसांचा आकडा नेहमीच लहान असतो. हा दोष कुणा एका सरकारचा नव्हे. ज्याचा पूल झाला तो स्वतः कधी काळी बेटावर होता हे विसरतो, हा सार्वत्रिक मनुष्यस्वभाव आहे.

बुडाल्यावर येणारी जाग

पाण्यावरच्या रस्त्याची आठवण आपल्याला होते ती अपघातानंतर. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनादेखील उरला नसताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात सापडून उलटली. तो दिवस आषाढी अमावास्येचा होता. सणासाठी घरी निघालेली माणसे तिच्यावर होती. सहाशेंहून अधिक लोकांना जलसमाधी मिळाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. त्यामुळे सकाळी घडलेल्या अनर्थाची वार्ता मुंबई शहराला कळावयास कित्येक तास गेले. इतक्या जवळच्या समुद्रात इतकी माणसे बुडाली आणि शहर आपल्या कामात मग्न होते.

त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली. यंत्राची चाचणी चालू असताना त्या नौकेवरील ताबा सुटला होता. पंधरा जीव गेले. बोटीवर परवान्यापेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती, या गोष्टी मागाहून उजेडात आल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक उतारूने जाकीट घातलेच पाहिजे असा दंडक सुरू झाला. दंडक योग्यच होता. प्रश्न एवढाच, की तो १७ डिसेंबरला का नव्हता?

त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. भीमेवर उजनीचे धरण झाले तेव्हा दोन काठांवरील शेजारी गावांच्या मध्ये समुद्रासारखे पाणी पसरले. रस्त्याने जावे तर मोठा वळसा, म्हणून लोक होडीने जातात. यातील लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की मुंबईच्या बोटींना निदान परवाना देणारे सागरी मंडळ आहे, धक्का आहे, तिकीट आहे. धरणाच्या पाण्यावर यातले पुष्कळसे नसते. तेथे नावाडी असतो, त्याचा अनुभव असतो आणि उतारूंचा देवावर भरवसा असतो. आपल्या मराठवाड्याचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा आहे.

आपण घडविलेली बेटे

घारापुरी हे निसर्गाने केलेले बेट आहे. मराठवाड्यातील बेटे माणसाने केली. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविली गेली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. नाथसागराने मराठवाड्याची तहान भागविली, उसाचे मळे उभे केले, उद्योग आणले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु त्याच जलाशयाखाली शंभरावर गावे गेली. काही गावे उठून उंचावर वसली आणि काहींना पाण्याने दोन-तीन बाजूंनी विळखा घातला. गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा या गावची मुले थर्माकोलच्या जाड तुकड्यांवर बसून पाणी ओलांडतात आणि शाळेत जातात, ही बातमी २०२३ साली देशभरच्या वृत्तपत्रांत छापून आली. वाटेत पाण्यातले साप दूर सारावे लागतात, असेही तीत होते. धरणाच्या उद्घाटनाला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती. म्हणजे या मुलांचे आजोबा त्या पाण्याकाठी तरुण झाले, वडील तेथेच शिकले अथवा शिकावयाचे राहिले, आणि तिसऱ्या पिढीच्या हाती थर्माकोलचा तुकडा आला.

नांदेडला लागूनच विष्णुपुरीचा शंकरसागर आहे. गोदावरी, पैनगंगा, मांजरा, मन्याड, लेंडी या नद्यांवर आणि त्यांच्या उपनद्यांवर लहान-मोठी धरणे आणि बंधारे झाले. प्रत्येकाच्या कागदपत्रांत पाणीसाठा, भिजणारे क्षेत्र आणि बुडणारे क्षेत्र यांचे आकडे असतात. बुडणार नाही, पण तुटेल अशा जमिनीसाठी आणि अशा गावांसाठी रकाना नसतो. पुनर्वसनाचे नियम घर आणि शेत मोजतात. शाळेची वाट, दवाखान्याची वाट, आठवडी बाजाराची वाट ही मालमत्तेच्या हिशेबात बसत नाही. वस्तुतः गावाचे गावपण या वाटांनीच टिकते. जेथे वाट तुटली तेथे माणसे आपापल्या बुद्धीने साधने शोधतात. कोठे गुऱ्हाळातील काहील पाण्यात सोडतात, कोठे हवा भरलेल्या ट्यूबवर फळ्या बांधतात, कोठे पिंपे जोडून तराफा करतात. मग त्याचे छायाचित्र येते, 'जीवघेणा प्रवास' असा मथळा येतो, आपण हळहळतो आणि पान उलटतो.

हजेरीपटातील एक रकाना

येथे एक कबुली देणे भाग आहे. प्रस्तुत लेखकाने नोकरीची काही वर्षे नांदेड जिल्ह्यातील नदीकाठच्या एका शाळेत काढली. पलीकडच्या वस्तीवरून सात-आठ मुले येत. भाद्रपदात नदी भरली की ती येत नसत. त्यांतला एक मुलगा गणितात हुशार होता. एका वर्षी तो सलग एकोणीस दिवस आला नाही. हजेरीपटावर मी एकोणीस वेळा गैरहजेरीची खूण केली आणि प्रगतिपुस्तकात 'उपस्थिती अनियमित' असा शेरा लिहिला. अनियमित नदी होती, मुलगा नव्हता. पण नदीसाठी हजेरीपटात रकाना नव्हता आणि तो असावा असे मलाही तेव्हा सुचले नाही. सहामाही परीक्षा झाली तेव्हा त्याचा अर्धा अभ्यास राहिलेला होता. पुढच्या जूनमध्ये तो आलाच नाही. गुरे राखू लागला असे कळले.

शिक्षक आणि कारकून या वर्गाला हे लिहिताना उपदेश करण्याचा हेतू नाही, कारण मी त्यांतलाच आहे. आपल्या हातून जे कागद होतात त्यांतूनच सरकारला गाव दिसते. आपण 'गैरहजर' लिहिले की वरच्या कचेरीत मुलगा आळशी ठरतो. 'अर्जदार मुदतीत हजर झाला नाही' असे टिपण लिहिले की अर्जदार बेफिकीर ठरतो. तो पाण्यापलीकडे उभा होता ही गोष्ट कोणत्याच कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा नसतो.

गोव्याचा आणि केरळचा धडा

हे सर्व अटळ आहे काय? आपल्या शेजारीच त्याचे उत्तर आहे. गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात चोडण आणि दिवाडी ही बेटे आहेत. चोडणचा विद्यार्थी, कारकून किंवा मासळीवाली रायबंदरला उतरून पणजीस जाते ती सरकारच्या फेरीबोटीने. नदी परिवहन खाते ही बोट चालविते, आणि पायी जाणाऱ्या उतारूकडून तिकीट घेतले जात नाही. त्या बोटींविषयी गोवेकरांच्या तक्रारी नाहीत असे नव्हे. उशीर, गर्दी, जुनी यंत्रे हे तेथेही आहे. पण तक्रार कोणाकडे करावयाची हे प्रत्येकास ठाऊक आहे. तेथे बोट ही दया नव्हे, ती एका खात्याची जबाबदारी आहे.

केरळात राज्य जलवाहतूक विभाग १९६८ पासून आहे. खाडीकाठच्या वस्त्यांना तो बससारख्याच वेळापत्रकाने बोटी पुरवितो. २५ एप्रिल २०२३ रोजी कोचीत 'वॉटर मेट्रो' सुरू झाली. आसपासची दहा बेटे विजेरीवर चालणाऱ्या बोटींनी शहराशी जोडण्याची ही योजना आहे. तिचे धक्के तरंगते असल्यामुळे भरती असो वा ओहोटी, वृद्धाला किंवा अपंगाला उडी मारावी लागत नाही. केरळ निर्दोष आहे असे मात्र नव्हे. वॉटर मेट्रो सुरू होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच ७ मे २०२३ रोजी तानूर येथे एक खासगी सहलीची बोट उलटून बावीस माणसे बुडाली. एकाच राज्यातील, एकाच पंधरवड्यातील या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. पाणी सारखेच होते. एका ठिकाणी व्यवस्था होती, दुसऱ्या ठिकाणी ती नव्हती.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप खर्चाचा. पन्नास घरांच्या वस्तीसाठी सरकारने होडी आणि नावाडी का पोसावा? याचे उत्तर आपल्या एस. टी.च्या इतिहासात आहे. निजामी राजवटीत मराठवाड्याने सरकारी मोटारसेवा १९३२ पासून पाहिली. मुंबई राज्याची पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतरच्या काळात ही लाल गाडी ज्या खेड्यांपर्यंत गेली त्यांतील कित्येक फेऱ्या कधीही फायद्यात नव्हत्या. तरीही त्या चालल्या, कारण गाव तेथे गाडी हे तत्त्व महाराष्ट्राने स्वीकारले होते. त्या गाडीत बसून खेड्यातली पहिली पिढी महाविद्यालयात गेली. लातूरच्या शिकवणीवर्गांत आणि नांदेडच्या विद्यापीठात आज जी मुले दिसतात, त्यांच्या आई-वडिलांचे पास एस. टी.ने काढलेले होते. नदी जेथे ज्या जागी ओलांडता येते तिला आपण उतार म्हणतो, आणि प्रवाशासाठी आपण वापरतो तो 'उतारू' हा शब्दही त्याच कुळातला आहे. शब्द पाण्याचा राहिला आणि सोय तेवढी जमिनीची झाली.

आज ग्रामीण विद्यार्थिनीला बारावीपर्यंत एस. टी.चा पास मोफत मिळतो. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. या सवलती स्तुत्य आहेत. परंतु जिच्या गावी डांबरी सडक आहे तिला हा लाभ, आणि जिच्या गावापुढे पाणी आहे तिला थर्माकोल, हा कोणता न्याय? दोघींचे राज्य एक, शाळेचे मंडळ एक आणि मतदार झाल्यावर मताचे मोलही एकच असणार आहे.

दुसरा आक्षेप असा, की होडी कशाला, पूलच बांधा. पूल झालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण पुलाची मागणी, पाहणी, मंजुरी, निविदा आणि बांधकाम यांत मुलाचे बालपण निघून जाते. पहिलीत असताना मंजूर झालेल्या पुलावरून तो दहावीच्या परीक्षेलाही जाऊ शकला नाही, तर तो पूल त्याच्या काय कामाचा? पूल होईतो होडी ही तात्पुरती सोय नव्हे, तो त्या काळापुरता रस्ताच आहे.

तिसरा आक्षेप कायद्याचा. याला आता जागा उरलेली नाही. १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला. यंत्राने चालणाऱ्या नौकांची नोंदणी आणि तपासणी तर त्यात आहेच, पण यंत्राशिवाय चालणाऱ्या साध्या होड्यांची नोंदही स्थानिक संस्थांच्या पातळीवर व्हावी असा विचार त्यात केलेला आहे. कायदा आहे. तो गावाच्या काठापर्यंत उतरवणारा हात नाही.

मग काय करावे?

मागण्या मोठ्या नाहीत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्यात टंचाईचा आराखडा होतो, तसाच वाट तुटणाऱ्या गावांचा आराखडा व्हावा. कोणती वस्ती किती दिवस तुटते, तेथे शाळकरी मुले किती, गरोदर स्त्रिया किती, आजारी माणसे किती, याची यादी तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक मिळून आठ दिवसांत करू शकतील. त्या यादीतील प्रत्येक ठिकाणी एक भक्कम होडी असावी. तिच्यावर किती माणसे बसवावयाची तो आकडा रंगाने लिहिलेला असावा आणि तेवढीच जीवरक्षक जाकिटे, लहान मुलांच्या मापाची वेगळी, तिच्यात असावीत. नावाड्याला मासिक वेतन असावे. त्याचे पोट उतारूंच्या संख्येवर अवलंबून राहिले, तर तो एक माणूस जास्त बसविणारच. त्यात त्याचा दोष नाही, व्यवस्थेचा आहे. नदी धोक्याच्या खुणेवर गेली की होडी बंद ठेवण्याचा अधिकार त्याला असावा. त्या दिवशी पलीकडच्या मुलाला गैरहजर न मांडता 'वाट बंद' असे नोंदविण्याची मुभा शिक्षकाला असावी. आणि या सर्वांवर एक खाते नेमून द्यावे. पाटबंधारे, बांधकाम, महसूल आणि जिल्हा परिषद या चौघांच्या मधल्या जागेत आज ती होडी बांधून ठेवलेली आहे. चौघांपैकी कोणाचे तिच्यावर नाव नाही.

धरण बांधताना सरकारने पाण्यावर मालकी सांगितली. त्या पाण्याचा दर ठरविला, पाळ्या ठरविल्या, कोणत्या शहराला किती आणि कोणत्या कारखान्याला किती हे ठरविले. पाण्याचा धनी जर सरकार आहे, तर त्या पाण्यावरच्या वाटेचा वालीही सरकारच असले पाहिजे. मालकी घ्यावी आणि वाट देऊ नये, हा व्यवहार खेड्यातल्या बांधावरही कोणी चालवून घेत नाही. बांधाच्या वाटेवरून आपल्याकडे पिढ्यानुपिढ्यांचे दावे चालतात आणि न्यायालयेही वहिवाटीची वाट मान्य करतात. मग धरणाने अडविलेली वहिवाट दाव्यावाचून का मिळू नये?

घारापुरीच्या त्या बोटीतील वृद्ध अपोलो बंदराच्या पायऱ्यांवर उतरला तेव्हा दिवे लागले होते. ओल्या पायऱ्या, हिंदकळणारी बोट आणि प्लास्टरचा पाय. सुनेने एका बाजूने धरले, दुसऱ्या बाजूने बोटीवरील एका पोराने. वर आलेले आम्ही बहुतेक जण एव्हाना टॅक्सी शोधण्याच्या नादात होतो. मी मागे वळून पाहिले एवढेच. हात द्यावयास गेलो नाही, आणि आज त्याची लाज वाटते. नदीच्या पलीकडचा तो गणितात हुशार मुलगा आता चाळिशीकडे झुकला असेल. त्याची मुले शाळेत जात असतील तर ती कशाने नदी ओलांडतात, हे विचारण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.